कुरकुरणारं रीळ, तुटणारा दोरा आणि न लागणारा रोहू

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात रॉड आणि रीळ घेतलं. दर रविवारी अकराच्या सुमारास सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर जाता, तीन-चारपर्यंत बसता, कणकेची गोळी लावता. जानेवारीत दोन सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळाले, पण मार्चपासून चिलापीशिवाय (तिलापिया) काही नाही. या काळात दोनदा मोठा मासा लागला आणि दोन्ही वेळा दोरा तुटला. रीळ कुर्रर्र वाजतं म्हणून तुम्ही त्याची पुढची चकती घट्ट आवळून टाकली. आता विचारताय की आमिष बदलू की रीळ बदलू?

दोन्ही राहू द्या. आधी ती चकती सैल करा, मग पुढचं वाचा.

तो आवाज बिघाडाचा नव्हता. ती चकती म्हणजे ड्रॅग. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, घसरावं, दोरा सुटावा आणि तुटू नये, एवढ्यासाठीच ती असते. स्पूल घसरताना आतलं दातेरी चाक वाजतं, तोच तुमचा कुर्रर्र. रीळ दोरा वाचवत होतं आणि तुम्ही नेमकं तेच बंद केलं. पुढचे दोन्ही मासे तिथंच गेले.

माझी तीस वर्षं यंत्रमागावर गेली, चादरीच्या कारखान्यात. ताणा जास्त ओढला की सूत तुटतं आणि सैल सोडला की कापड बिघडतं, हे मला गळ हातात धरण्याआधीच माहीत होतं. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सुती धागा पटापट तुटायचा, म्हणून शेडमध्ये ओलावा धरायला लागायचा. इतकं कळत असूनही तुमच्यासारखीच चूक मी केली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उजनी धरणाच्या बॅकवॉटरला कंदर गावाच्या बाजूला बसलो होतो. ऑगस्टचा शेवट, पाणी चढत होतं. सकाळी सातच्या आसपास एक कटला लागला. किती मोठा होता ते सांगत नाही, कारण तो मी कधी काठावर पाहिलाच नाही. पाण्यावर एकदा उलटला तेव्हा शेपूट तेवढं दिसलं. मासा हातचा जाऊ नये म्हणून मी ड्रॅग पूर्ण आवळून ठेवला होता. पहिल्याच धावेत रॉड कमान झाला आणि दोरा तडकन तुटला. गुंडाळून बघितलं तर टोक गाठीपाशी तुटलं नव्हतं, मधूनच गेलं होतं. तो दोरा अख्खा मे महिना स्कूटरच्या डिकीत पडून होता. आवळलेला ड्रॅग आणि उन्हानं खाल्लेला दोरा, दोन्ही चुका माझ्याच. आणि गळ त्या माशाच्या तोंडात राहिला, याची बोच मला अजून आहे.

म्हणून ड्रॅगचं नीट सांगतो. घरात सिलिंडर तोलायचा किंवा भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा असेल तर घ्या. रॉड जुळवा, दोरा सगळ्या कड्यांतून ओवून टोक काट्याच्या आकड्याला बांधा. रॉड तिरका उचलून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी काटा सावकाश ओढायला सांगा. दोरा आठ किलोचा असेल तर काटा दोन किलोवर आला की स्पूल घसरायला लागलं पाहिजे. दोऱ्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, यापुढे जायचं नाही. तुम्ही म्हणाल, आठ किलोचा दोरा घेऊन दोन किलोच का वापरायचा? कारण गाठीत ताकद कमी होते, ओल्या नायलॉनची थोडी कमी होते, प्रत्येक कडीवर घासून ओढ वाढते आणि माशाचा पहिला हिसका काट्यावर मोजता येत नाही. उरलेले सहा किलो या सगळ्यात जातात.

मासा दोरा ओढत असेल, रीळ वाजत असेल, तेव्हा हँडल फिरवायचं नाही. सगळे नवे लोक तिथं घाईघाईनं हँडल फिरवतात. मासा जवळ येत नाही, उलट प्रत्येक फेऱ्याला दोऱ्याला पीळ बसतो. पुढच्या वेळी गळ फेकला की दोऱ्याचा गुंताच बाहेर येतो आणि दोष तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, मिळतो. मासा पळतोय तोवर पळू द्या, रॉडचं टोक वर ठेवा. तो थांबला की रॉड सावकाश वर उचला आणि खाली आणताना गुंडाळा. पुन्हा उचला, पुन्हा खाली आणताना गुंडाळा. घरी परतलात की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आतल्या चकत्या आठवडाभर दाबलेल्या राहिल्या तर चिकटतात, आणि मग ड्रॅग एकसारखा न सुटता झटके देतो. त्या झटक्यानंही दोरा तुटतो.

आता मासा का लागत नाही ते बघू. जानेवारीत लागला आणि मार्चनंतर थांबला, यातच तुमचं उत्तर आहे. तुमची अकराची वेळ जानेवारीला बरोबर होती. थंडीत पहाटेचं पाणी गार असतं. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटला मंद होतात. सायप्रिनस गारठा जास्त सोसतो, म्हणून तो तुम्हाला मिळाला. ऊन चढलं, काठचं उथळ पाणी कोमट झालं की मासे चरायला वर येतात. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तेच उथळ पाणी दुपारी तापतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासा खोल सरकतो, हालचाल कमी करतो. तुम्ही ऐन त्या वेळी काठाला बसता. तिथं चिलापीच असणार, तिला ऊन चालतं.

उन्हाळ्यात माझ्या वेळा दोनच. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासानं सुरू करून नऊपर्यंत, आणि संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत. अगदी भल्या पहाटे, अंधारात जाऊन बसण्याचा हट्ट मी सोडला. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतरच्या सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर लोकांना वाटतं की वा, किती मासे आहेत. ते मासे गुदमरतायत. तेव्हा ते काही खात नाहीत, आणि तेव्हा गळ टाकणं मला पटतही नाही.

वाऱ्याचंही बघा. पूर्वी मी वारा पाठीशी घेऊन, झाडाच्या सावलीला, शांत पाण्यावर बसायचो. बसायला बरं वाटायचं, पण माशाचं अन्न समोरच्या काठावर असायचं. वारा पृष्ठभागावरचं बारीक जीवजंतूंचं अन्न ढकलत नेतो आणि लाटा ज्या काठावर आदळतात तिथं पाण्यात प्राणवायू मिसळतो. तोंडावर वारा घेऊन बसायला त्रास होतो, गळ लांब जात नाही, तरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी तोच काठ धरा.

तुम्ही सगळ्या माशांना एकच गोळी एकाच खोलीवर लावता, हेही अडतंय. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, त्याला मिशा नसतात. तो वरच्या थरात तरंगणारं अन्न गाळून खातो. तळाशी पडलेली कणकेची गोळी त्याच्या कामाची नाही. रोहू मधल्या थरात फिरतो, त्याचा खालचा ओठ झालरीसारखा असतो, दगडावरचं, बुडालेल्या फांद्यांवरचं शेवाळ तो खरवडतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे. सायप्रिनसच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यानं तो चिखल चाचपतो. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली की खाली कुणीतरी चिखल उकरतंय असं समजा.

ही सगळी एकाच कुळातली, आणि तीन गोष्टी सगळ्यांत सारख्या. एक, यांच्या तोंडात दात नसतात, घशात असतात. आमिष ते ओढून आत घेतात, चाचपतात आणि खटकलं तर क्षणात बाहेर टाकतात. तेवढ्या क्षणात गळ रुतला पाहिजे, म्हणून गळाची धार आमिषापेक्षा महत्त्वाची. दोन, यांना जठर नसतं. एकदाच भरपूर खाऊन पडून राहणारा हा मासा नाही, थोडं थोडं सतत चरत राहतो. तीन, यांच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे यांना फार चांगलं ऐकू येतं. काठावर गाडी आणून उभी करणं, मोबाइलवर गाणी लावणं, दगडावर डबा आपटणं, हे सगळं पाण्यात जातं. मी गाडी लांब लावतो आणि काठाच्या आधीच चप्पल काढतो.

जठर नाही हे मला कळलं नव्हतं तेव्हा अक्कलकोट तालुक्यात कुरनूरच्या धरणावर मी मोठी चूक केली. आदल्या संध्याकाळी पाच किलो शेंगपेंड भिजवून एकाच जागी ओतली. सकाळी मासे आले होते, बुडबुडे नुसते उसळत होते, पण माझ्या गळाला कुणी शिवलं नाही. ढीगभर पेंड समोर असताना ते माझी एक गोळी का शोधतील? दुसऱ्या दिवशी तिथून आंबूस वास यायला लागला, चार दिवस ती जागा मेली. सडणारं अन्न तळाचा प्राणवायू खातं. आता मी सुरुवातीला दोन मुठी चारा टाकतो, मग अर्ध्या तासानं एक मूठ. सुपारीएवढे गोळे, बसल्या जागी विरघळतील असे.

आमिषाचं माझं प्रमाण सांगतो, कारण ते इथल्या वस्तूंचं आहे. एक वाटी शेंगपेंडीचा बारीक भुगा, एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, लिंबाएवढा गूळ. मंगळवेढ्याची मालदांडी भाकरीला ठेवा, आमिषाला हायब्रीड ज्वारी चालते. ज्वारीला चिकटपणा नसतो, नुसत्या ज्वारीची गोळी फेकतानाच फुटते, म्हणून कणीक हवीच. घरात भाकरी थापणाऱ्या कुणालाही विचारा, पीठ गरम पाण्यात मळायला सांगतील. तसंच मळा, गोळा फडक्यात बांधून दहा-बारा मिनिटं उकडा आणि निवल्यावर पुन्हा मळा. रोहू आणि मृगळाला हे चांगलं चालतं. कटल्यासाठी हेच मिश्रण न उकडता, भाताचा कोंडा घालून भुसभुशीत ठेवायचं आणि भेंडाखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) तीन-चार फुटांवरच लटकवायचं, म्हणजे ते सुटत सुटत पाण्यात ढग करतं. सायप्रिनसला उकडलेले मक्याचे दाणे किंवा दानवं (गांडुळं).

चिलापीचा त्रास कमी करायचा तर मऊ गोळी सोडा. भिजवून उकडलेला हरभरा किंवा मक्याचे दोन दाणे लावा आणि गळ पंधरा-वीस फूट आणखी पुढे टाका. उथळ पाण्यात ताटलीएवढे गोल खळगे दिसले की ती चिलापीची घरटी. त्यांच्या वर गळ टाकून उपयोग नाही.

भेंड कसं हलतंय तेही ओळखायला शिका. टुकटुक नाचलं तर चिलापी किंवा बारकी पिलं. किंचित डुलून मग तिरपं सरकत गेलं तर बहुधा रोहू, ते पाण्याखाली जाईपर्यंत थांबा. भेंड बुडण्याऐवजी वर येऊन आडवं पडलं तर तळाच्या माशानं आमिष शिशासकट (दोऱ्याला बांधलेल्या वजनासकट) उचललंय, लगेच ओढा. मी कित्येक वर्षं आडव्या भेंडाकडे बघत बसून राहायचो, वाटायचं शिसं सुटलं.

जागा शोधण्याचं मला कंदरच्याच एका म्हाताऱ्या कोळ्यानं शिकवलं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मी त्यांना रोज विचारायचो, मामा, आज कुठं बसू? एक दिवस ते म्हणाले, "पानी चढाया लागलंय का उतराया लागलंय, ते आधी तू सांग. मग मासा कुठंय ते मी सांगतो." तोवर मी पाण्याची पातळी कधी बघितलीच नव्हती. आता काठाला पोचल्यावर पहिलं काम, पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. अर्ध्या-एक तासानं बघायचं.

पाणी चढत असेल तर मासा नव्यानं बुडालेल्या जमिनीकडे येतो. उन्हाळ्यात पाणी मागे गेल्यावर उजनीच्या पोटात लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये दौंडहून धरणात येणारा विसर्ग वाढला की त्याच रानात पाणी शिरतं. तिथं दानवं, किडे, गवताचं बी, पिकाची धसकटं असं सगळं खायला असतं. तेव्हा दोन-तीन फूट पाण्यातही मोठा सायप्रिनस येतो. उलट आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून शेतीला पाणी सोडलं, आणि पाणी उतरायला लागलं की तो काठ सोडून जुन्या ओढ्याच्या किंवा नदीच्या पात्राकडे सरकतो. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून मृत साठ्याला हात लागला, की जुन्या भिंती, विहिरी, बाभळीचे बुंधे उघडे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. तेव्हा मी गळ न नेता वही घेऊन फिरलो, कुठं बांध आहे, कुठं विहीर, कुठं झाडाची खोडं, ते लिहून ठेवलं. पाणी भरल्यावर मासा कुठं थांबतो आणि माझा गळ कुठं अडकतो, दोन्ही त्या वहीत आहे. हिप्परग्याचा तलाव इंग्रजांच्या काळात अदिला नदीवर बांधलेला. त्याचाही गाळाचा उथळ भाग आणि जुन्या पात्राचा खोल भाग आत्ता, पाणी कमी असताना, नीट दिसेल. हे काम मेमध्येच होतं.

आता दोरा. आपल्या भागात दोऱ्याचा खरा शत्रू ऊन आहे. नायलॉनचा तंगूस उन्हात ठेवला की तो वरून तसाच दिसतो, पण ठिसूळ होत जातो. रीळ गच्चीत, गाडीच्या डिकीत, खिडकीत ठेवू नका. कपाटात अंधारात ठेवा. वर्षातून एकदा सगळा दोरा बदला, तेवढी ऐपत नसेल तर निदान उलटा करून भरा, म्हणजे आतला न वापरलेला भाग वर येतो. दर वेळी गळ बांधण्याआधी शेवटचे दोन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) दोरा अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून सरकवा. जिथं खरखरीत लागेल तिथून कापून टाका. आपल्या तलावांचे काठ मुरमाचे आणि काळ्या दगडाचे, दोरा घासला जातोच. ०.३५ मिलिमीटरचा चांगला तंगूस इथल्या रोहू-सायप्रिनसला पुरतो. स्पूल काठोकाठ भरू नका, काठापासून दोन मिलिमीटर मोकळं ठेवा.

गाठ आवळण्याआधी थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि तिथंच दोरा कमजोर होतो. मागावर आम्ही तुटलेला धागा जोडताना बोट ओलं करायचो ते वेगळ्या कारणानं, पण सवय कामी आली. दोऱ्याचं टोक दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, साधी गाठ मारा, राहिलेल्या फाशातून अख्खा गळ काढा आणि ओलं करून ओढा. ही एक गाठ डोळे मिटून बांधता आली तरी पुष्कळ.

रिळाबद्दल. काळ्या मातीचा चिखल वाळला की पिठासारखा बारीक होतो आणि रिळात जातो. रीळ जमिनीवर ठेवूच नका, दोन बेचकी रोवून रॉड त्यावर ठेवा. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसा. नळाखाली जोरात धरू नका, पाण्याबरोबर माती आत जाते. हँडलच्या सांध्याला, बेलच्या (दोरा अडवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) दोन्ही टोकांना आणि दोरा जिथून वळतो त्या रोलरला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. दातेरी चाकांना मात्र ग्रीस, वर्षातून एकदा. ड्रॅगच्या चकत्यांना तेल लावू नका. मी सुरुवातीला घरातलं खोबरेल घातलं होतं. ते डिसेंबरात थिजलं, रीळ फिरेना. मग ते काढायला रॉकेल वापरलं तर आतलं सगळं ग्रीस धुऊन गेलं आणि महिनाभरात चाकं झिजली. ते रीळ अजून माझ्याकडे आहे, पण चालत नाही.

रॉड ओला असताना पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते आणि कड्यांचे पाय गंजतात. मी जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवून घेतलीय, आधी रॉड वाळवतो, मग त्यात घालतो. कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथं चीर आहे, तीच कडी तुमचा दोरा कापत असणार. सांध्याला मेणबत्तीचं मेण हलकं चोळलं की रॉड अडकत नाही. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवून ओढा. रुतला तर धार आहे, घसरला तर कानस मारा किंवा टाकून द्या. गंजलेला गळ वाचवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट रॉडबद्दल मी कळकळीनं सांगतो. तुमचा रॉड कार्बनचा असेल तर त्यातून वीज जाते. आपल्या तलावांच्या काठाला शेतीपंपांच्या तारा असतात, कुठं खांबावरून, कुठं झाडावरून, कुठं जमिनीवरून पाण्यात गेलेल्या. एका संध्याकाळी गळ फेकायला रॉड मागे घेतला आणि शेजारचा माणूस ओरडला. वर पाहिलं तर तार हातभर अंतरावर होती. त्या दिवसापासून मी बसण्याआधी वर आणि मागे बघतो. पाण्यात शिरलेली केबल दिसली तर तिथं पाण्यात पाय घालत नाही. वळवाचं वारं सुटलं, वीज कडाडायला लागली की रॉड आडवा ठेवून काठापासून दूर जातो. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, ते असंच संध्याकाळचं वादळ होतं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी उजनीत बोटीतून गळ टाकायला कुणी बोलावलं तर जाऊ नका.

माशाविषयी थोडं. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. आज तलावांत बोटुकली (बोटाएवढी पिलं) सोडली जाते ती त्या शोधामुळे. सायप्रिनस बाहेरून आणलेला, तो साचलेल्या पाण्यातही गवताला चिकट अंडी घालतो, म्हणून तो सगळीकडे आहे. तेव्हा तलावात तुम्हाला मिळणारा रोहू बहुतेक कुणीतरी पैसे घालून सोडलेला असतो. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल त्यांना विचारा, पावती घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याच्या तोंडाशी पोटानं फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोनेक लाख अंडी असतात. एकदा मी तशी मादी घरी आणली होती. चिरल्यावर बायकोनं ते पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि काहीच बोलली नाही. त्यानंतर त्या दोन महिन्यांत मी ओढ्याच्या तोंडाशी बसत नाही.

सोडायचा मासा कोरड्या हातानं धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. सोलापुरी टॉवेल पाण्यात बुडवून त्यात धरा. मेमधल्या तापलेल्या मुरमावर तर अजिबात ठेवू नका. कापलेला दोरा काठावर टाकू नका, घरी आणून बारीक तुकडे करा. हिवाळ्यात उजनीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, बगळे तर बारा महिने असतात. पायाला तंगूस गुंडाळलेला बगळा मी पाहिलाय, धरायला गेलो तर उडाला, पण खाली पाय लोंबत होता.

तर येत्या रविवारी रॉड घरी ठेवा. साडेपाचला हिप्परग्याला पोचा, काडी रोवा, लाटा कुठल्या काठाला लागतायत आणि बुडबुड्यांच्या रांगा कुठं दिसतायत ते अंधार पडेपर्यंत बघा. काड्यापेटीएवढा दगड दोरीला बांधून काठाजवळची खोली दोन-तीन ठिकाणी मोजा. घरी येऊन ड्रॅग काट्यावर लावा, जुना दोरा काढून नवा भरा. मग मला सांगा की पाणी किती उतरलं आणि बुडबुडे काठापासून किती लांब होते. शिसं किती जड घ्यायचं आणि भेंड कितीवर बांधायचं, ते त्यावरून ठरवू.